कपाटाची राखण

अल्लीपूर, ता. हिंगणघाट
३ जुलै २०२३

प्रिय गुंजनताई,
सप्रेम नमस्कार.

पत्र बघून तुला नवल वाटेल. मामाजी, म्हणजे माझे सासरे प्रभाकरराव, समोर खुर्चीवर बसले आहेत आणि त्यांच्या सांगण्यावरून हे लिहिते आहे.

आमच्या घरची विलायती चिनी मातीची भांडी तू माझ्या लग्नात पाहिली होतीस. मामाजींच्या वडिलांची हिंगणघाटला कापसाची अडत होती. तिथल्या कंपनीचा गोरा साहेब देश सोडून निघाला तेव्हा त्याच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं. त्यात हा जेवणाचा संच त्यांनी घेतला. बशा, ताटल्या आणि झाकणाचं एक मोठं सारपात्र. घरात सगळे त्याला 'डिरेस्डन' म्हणतात.

मागे नागपूरचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी येऊन बघून गेला. खरं असेल तर राजवाड्यात शोभेल असा माल आहे, पण याच्या नकला फार, असं तो म्हणाला. तेव्हापासून मामाजींच्या जिवाला चैन नाही. घरचीच मुलगी पुण्याच्या संग्रहालयात हेच काम करते, मग परक्याला कशाला विचारायचं, असं त्यांचं म्हणणं. तुमच्या संग्रहालयाच्या कागदावर, सहीशिक्क्यानिशी लेखी मत हवं आहे. फोनवरचं बोलणं ते मानत नाहीत. फोटो मात्र तुझ्या फोनवर पाठवले आहेत.

मामाजींचा तुला आशीर्वाद. आमच्या ह्यांचा, धनंजयचा, नमस्कार.

तुझी,
मंजुषा

◆

पुणे
१२ जुलै २०२३

प्रिय मंजू,
अनेक आशीर्वाद.

मावशीच्या घरी गच्चीवर झोपून रात्रभर बडबडणारी माझी मंजू इतकं सरळ पत्र लिहील असं वाटलं नव्हतं. पण आनंद झाला. प्रभाकररावांना सांग, मन लावून बघेन.

नुसत्या फोटोवर मत देणं बरोबर नाही. प्रत्येक बशीच्या पाठीवर निळ्या रंगात दोन तलवारी एकमेकींवर ठेवलेल्या दिसताहेत. जर्मनीतल्या माइसेन गावच्या कारखान्याची ती खूण. युरोपात खरी चिनी माती पहिल्यांदा तिथे तयार झाली. पण त्या तलवारी इतक्या नावाजल्या की पुढे शंभर ठिकाणी लोक त्या काढू लागले. त्यामुळे खुणेवर शेवटी विश्वास ठेवायचा, आधी नाही.

तू हे कर. खुणेवरून नख फिरव. रंग झिलईच्या वर असेल तर नखाला लागेल, झिलईखाली असेल तर नख घसरून जाईल. बशी उजेडासमोर धर, पलीकडे बोटं दिसतात का बघ. बुडाच्या कड्याला, जिथे झिलई नाही, तिथे माती कशी आहे ते सांग. आणि भिंग मिळालं तर फुलं नीट बघ. छापील असतील तर बारीक ठिपके दिसतील, हाताने काढलेली असतील तर कुंचल्याचा ओघ दिसेल. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचे थेंब बघायला शिकलेल्या मुलीला मी हे काय सांगायचं!

सावंगीचं ते लॅबचं काम पुन्हा सुरू केलंस का? कळव.

तुझी,
गुंजनताई

◆

अल्लीपूर
२५ जुलै २०२३

प्रिय गुंजनताई,

हे पत्र मोहिनीच्या शिलाईच्या दुकानात बसून लिहिते आहे. ब्लाउज टाकायला जाते म्हणून निघाले. तुझं पत्र घरी आलं ते मामाजींनीच फोडलं आणि बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवलं. सावंगीची ओळ आली तशी ते थांबले, मग पुढचं वाचलं. म्हणून यापुढे मोहिनीच्या पत्त्यावर लिही. ती माझी इथली एकुलती एक मैत्रीण. फोनवर बोलावं तर आमच्या घरात एक शब्द भिंतीआड राहत नाही.

एक मागणं आहे. खरं-खोटं जे काय निघेल ते आधी मला कळव. मामाजींना नंतर.

तू सांगितलंस तसं बघते आहे. भांड्यांची खोली तुला आठवत असेल. स्लॅबच्या घरात मधोमध, खिडकी नसलेली. भिंतीभर काचेची कपाटं. सासूबाई, प्रमिलाबाई, होत्या तोवर भांडी त्याच पुसायच्या. त्या गेल्या आणि किल्ली माझ्या कमरेला आली. दुसऱ्या कोणी हात लावलेला मामाजींना चालत नाही. आणि घरचा एक माणूस कायम घरात पाहिजे, घराला कुलूप लागता कामा नये, असा नियम आहे. मागच्या वर्षी रोशनच्या लग्नात तू मला शोधत होतीस ना? माझ्या सख्ख्या भावाचं लग्न. मला ताप आहे असं आईने सांगितलं. ताप नव्हता. हे आणि मामाजी वऱ्हाडात गेले आणि कपाटापाशी मी राहिले.

असो. नख खुणेवरून घसरतं. उजेडासमोर बोटांची सावली दिसते. भिंग नाही, तुझ्यासाठी मिळवते.

तुझी,
मंजू

◆

पुणे
८ ऑगस्ट २०२३

प्रिय मंजू,

रोशनच्या लग्नाचं वाचून वाईट वाटलं. लांबच्या माणसाला घरातलं काही कळत नाही हेच खरं. पण प्रत्येक घराची एक रीत असते, तू ती सांभाळते आहेस.

आता मन घट्ट करून वाच. फोटो मी इथल्या दोघांना दाखवले. आम्हा तिघांचंही मत नकलेकडे झुकतं आहे. तलवारींची रेघ जाड आहे, मुठींच्या मध्ये एक ठिपका आहे, आणि असा ठिपका नकला करणारे हौसेने घालायचे. रंगही फोटोत फार ताजे दिसतात. सव्वाशे वर्षांपूर्वी ड्रेस्डेन शहरात अशी कामं करणारे बरेच कारखाने होते. तुमच्या घरात 'डिरेस्डन' हे नाव चालत आलं, ते कदाचित त्यामुळेच.

म्हणजे भांडी टाकाऊ असं नाही. पण प्रभाकररावांना जी आशा आहे ती पुरी होईलसं वाटत नाही. तू खचू नकोस. शेवटचं मत भिंगाखाली काय दिसतं त्यावर. एखाद्या बशीवर फुलांच्या बाजूला लहानसा किडा किंवा फुलपाखरू काढलेलं आहे का, आणि त्याच्या खाली काय आहे, ते मुद्दाम बघ. बुडाच्या मातीत दाबून उमटवलेला आकडा आहे का तेही.

मोहिनीला माझा नमस्कार.

तुझी,
गुंजनताई

◆

अल्लीपूर
१७ ऑगस्ट २०२३

प्रिय गुंजनताई,

तुझं पत्र मी मोहिनीच्या मशीनशेजारी उभ्या उभ्या वाचलं आणि तिला म्हटलं, चहा मागव. मी खचले नाही ताई. मुळीच नाही. इतक्या दिवसांत असं हलकं वाटलं नव्हतं. काल घरी पुरणपोळी केली, सणवार नसताना. हे विचारत होते, काय आहे आज.

आणि तू विचारलं होतंस ना सावंगीचं? तिथल्या एका लॅबमध्ये माझं नाव लागलं आहे. माझ्या शिक्षणाचंच काम, रक्ताच्या तपासण्या. मागच्या महिन्यात मामाजींना सांगितलं होतं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कपाट कोन पाहीन?" आता परवा लॅबला कळवून टाकलं की पुढच्या महिन्यात येते. घरात अजून बोलले नाही.

भिंग मिळालं. मोहिनीच्या ओळखीच्या सोनाराकडून दुपारपुरतं आणलं. तू सांगितलंस ते सगळं पाहिलं. लिहू की नको असं झालं होतं. पण स्लाइडवर जे दिसतं तेच लिहायचं, हे हातात इतकं बसलं आहे की दुसरं लिहिताच येत नाही. म्हणून लिहिते.

ठिपके कुठेही नाहीत. पाकळीवर कुंचला जिथे टेकला तिथे रंग दाट, उचलला तिथे विरळ. देठ तर एका दमात ओढलेले. दोन बशांवर भुंगा आहे, सारपात्राच्या झाकणावर माशी. भुंग्याच्या पोटाखाली झिलईत एक बारीक खड्डा आहे, माशीखालीही आहे. जिथे किडा नाही तिथे खड्डा नाही. बुडाच्या कड्याजवळ मातीत दाबलेले आकडे आहेत, बशीबशीला वेगळे. मधल्या भागावर सुरीचे जुने ओरखडे आहेत, सगळ्या दिशांना गेलेले. कधीकाळी रोज त्यात कोणी जेवत असणार. चार ताटल्या मात्र वेगळ्या आहेत. त्यांच्यावर ठिपकेच ठिपके, म्हणजे छापील.

ह्याने तुझं मत बदलणार नाही ना?

तुझी,
मंजू

◆

पुणे
५ सप्टेंबर २०२३

माझी लाडकी मंजू,

बदललं! पूर्ण बदललं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग आमच्या प्रमुखांच्या खोलीत धावत गेले.

अगं, तो भुंगा! भट्टीत झिलईला खड्डा पडला की बशी फेकून न देता चितारी त्या जागी किडा काढत. माइसेनची ती ओळखीची रीत. नकला करणारेही किडे काढत, पण शोभेसाठी, खड्डा बघून नव्हे. त्यात दाबलेले आकडे, झिलईखालची खूण, हाताचं काम. ठिपका असलेली ही खूण अडीचशे वर्षांपूर्वी थोडीच वर्षं वापरात होती. आम्ही फोटोवर फसलो, तू भिंगावर फसली नाहीस. चार छापील ताटल्या मागाहून कोणीतरी भर घातलेल्या. बाकी सगळा संच अस्सल आहे, असं आता म्हणता येतं. प्रत्यक्ष हातात घेऊन शेवटचा शिक्का मारायचा तेवढा राहिला.

तुझ्या डोळ्यांमुळे हे सिद्ध झालं, हे मी मतपत्रात नावानिशी लिहिलं आहे. खरं तर आधी तुला कळवायचं ठरलं होतं. पण मला राहवलं नाही. प्रभाकररावांच्या नावाने संग्रहालयाच्या कागदावर आजच रजिस्टर टपाल केलं आहे. म्हातारा माणूस, केवढा खूश होईल! सासरी तुझा मान किती वाढेल, याच विचाराने मला बरं वाटतं आहे.

तुझी,
गुंजनताई

◆

अल्लीपूर
२ ऑक्टोबर २०२३

गुंजनताई,

मान वाढला.

तुझं मतपत्र आलं त्या दिवशी मामाजींनी गावभर पेढे वाटले. सरपंच आले, शाळेचे हेडमास्तर आले. ज्याला त्याला मतपत्र वाचून दाखवलं. माझं नाव आलं की ते माझ्याकडे हात करत. सगळे मान हलवत. मी चहा फिरवत होते.

दुसऱ्या दिवशी लोहार आला. भांड्यांच्या खोलीला लोखंडी जाळी लागली, मागच्या दारालाही. कोपऱ्यात कॅमेरा लागला. हे त्यांच्या खत-बियाण्याच्या दुकानात बसून फोनवर बघू शकतात. मी पुसताना, मी बसलेली, मी उठलेली. मी धीर करून सावंगीचं बोलले. मामाजी रागावले नाहीत ताई. रागावले असते तर बरं झालं असतं. समजावून म्हणाले, "आता तर तुले घर सोडताच येत नाई, मंजुषा. खरा माल हाय. तूच तं पाह्यला." धनंजय ताटात बघत राहिले.

लॅबला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं.

तुला वाटलं, भांडी खरी निघावीत म्हणून मी भिंग शोधत फिरले. मला ती खोटी हवी होती. खोटी निघाली असती तर कपाटाची राखण संपली असती. मी कमरेची किल्ली काढून सासऱ्यांच्या हातात दिली असती आणि बस धरली असती. हे तुला सरळ लिहायची लाज वाटली. सासरचं वाईट चिंतते असं तुला वाटेल म्हणून. आणि भिंगाखाली खरं दिसलं ते मीच माझ्या हाताने लिहून पाठवलं.

आता एक विनंती करते. दुसरं पत्र पाठव. पुन्हा तपासणी केली, आधी चूक झाली, माल नकली आहे, असं लिही. एवढं माझ्यासाठी कर.

मंजू

◆

पुणे
१४ ऑक्टोबर २०२३

प्रिय मंजू,

तुझं पत्र आलं तशी मी तुझी आधीची पत्रं पुन्हा काढून वाचली. तू 'आधी मला' असं स्पष्ट लिहिलं होतंस आणि मी तुझ्या आनंदाचा भलताच अर्थ लावून बसले. पुरणपोळी वाचून मला वाटलं, पोरगी दुःख लपवते आहे.

तू मागितलंस ते मी लिहायला घेतलं होतं. अर्धा कागद झाला. माझ्याने पुढे गेलं नाही. त्यात माझी नोकरी आहे हे खरं, पण तेवढंच नाही. उद्या तो व्यापारी तुझ्या सासऱ्यांकडून नकली म्हणून तो संच मातीमोलाने उचलेल आणि मग खरं बाहेर येईल, तेव्हा घरात तुझी काय गत होईल? खोट्याने तू सुटशील असं मला दिसत नाही.

म्हणून दुसरं सुचवते. आमच्याकडे जानेवारीपासून विलायती चिनी मातीचं मोठं प्रदर्शन आहे. तुमचा संच संग्रहालयाने वर्षभरासाठी ठेवायला घ्यावा असा प्रस्ताव मी मांडला आणि तो मंजूर झाला. नेण्या-आणण्याचं, राखणीचं सगळं आमच्याकडे. काचेवर पाटी लागेल: प्रभाकरराव यांच्या संग्रहातून, अल्लीपूर, जिल्हा वर्धा. हे पत्र त्यांना स्वतंत्र पाठवते आहे, तुला माहीत नाही असं दाखव. भांडी इथे असली की तुला कपाटापाशी बसवायला कारण उरणार नाही.

रागावली असशील तर रागाव. पण लिहीत राहा.

तुझी,
गुंजनताई

◆

अल्लीपूर
६ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. गुंजन हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आपले पत्र पावले. आमच्या वडिलांनी जतन केलेली वस्तू पुण्यासारख्या शहरात दहा लोक पाहतील याचे समाधान आहे. पाटीवर अल्लीपूरचे नाव मोठ्या अक्षरात असावे ही विनंती. वडिलांचे नावही असल्यास बरे.

होकार द्यायला वेळ लागला, त्याचे कारण सांगतो. आमची ही गेल्यापासून घरात ती भांडीच काय ती बोलती वस्तू आहे. सकाळी सूनबाई पुसायला बसते, भांड्याला भांडे लागून किणकिण होते, मी बाहेर पेपर वाचत बसतो. घर भरल्यासारखे वाटते. वर्षभर ते राहणार नाही. परंतु आपला शब्द मोडवत नाही. माणसे पाठवावीत.

आपला,
प्रभाकरराव

◆

पुणे
२० डिसेंबर २०२३

प्रिय मंजू,

आमची दोन माणसं गाडी घेऊन पुढच्या आठवड्यात जाम गावावरून अल्लीपूरला येतील. मला प्रदर्शनाच्या मांडणीमुळे निघता येत नाही. पॅक करताना तू जवळ राहा, तुझ्याइतकं त्या बशांना कोणी ओळखत नाही.

प्रभाकररावांचं एक पत्र मला आलं होतं. त्यातली एक गोष्ट मनात राहिली आहे, पण ती मी तुला सांगावी की नाही ठरत नाही. कदाचित तुला ती माहीतच असेल.

सावंगीला पुन्हा विचारून बघ.

तुझी,
गुंजनताई

◆

सावंगी (मेघे)
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय गुंजनताई,

वरचा पत्ता बघितलास ना? जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या मागच्या बाकावर बसून लिहिते आहे. एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली, तिच्या जागी मला बोलावलं. तेव्हा कसं झालं ते सांगते.

तुमची माणसं येऊन गेली. एकेक बशी मऊ कागदात गुंडाळून पेट्यांत ठेवली. मामाजी गाडी वळेपर्यंत ओट्यावर उभे होते. मग आत येऊन त्यांनी रिकाम्या कपाटांचे दिवे बंद केले. मला तर ते दिवे बंदही होतात हेच ठाऊक नव्हतं.

लॅबचा फोन आला त्या संध्याकाळी जेवायला बसलो असताना मी सांगितलं, सोमवारपासून जाते आहे. विचारलं नाही, सांगितलं. मामाजी म्हणाले, "घर कोन पाहीन?"

मी म्हटलं, "कुलूप लावू, मामाजी."

"या घराले आजपावतर कुलूप लागलं नाई."

"पन आता आत काहीच नाई."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी आहो नं आत."

ताई, इतके दिवस मी बशांशी भांडत होते. त्यांना भुंगे होते, खड्डे होते, त्यांचा राग करता येत होता. त्या खोट्या निघाव्यात म्हणून मी देवाला हात जोडले, खऱ्या निघाल्या तेव्हा एकेकीला शिव्या देत पुसलं. आणि ती राखण बशांची नव्हतीच. सासूबाई गेल्यापासून त्या माणसाला रिकाम्या घरात बसायची भीती वाटत होती आणि ते सांगायला तोंड नव्हतं, म्हणून कपाट पुढे केलं होतं. बहुतेक त्यांनाही ते त्याच क्षणी कळलं असावं. त्यांचा चेहरा तसाच झाला होता.

तुला माहीत होतं ना? तेच तू लिहिलं नाहीस.

मी काय करायला हवं होतं? उठून गेले असते तर लोकांनी मला दगड म्हटलं असतं. बसले असते तर जन्मभराची बसले असते. मी भात वाढला. तेवढ्यात धनंजय बोलले. लग्नानंतर पहिल्यांदा ते त्यांच्या बाबांपुढे असं बोलले. "दुपारी मी दुकान बंद करून येत जाईन बाबा. दोघं जेवू." मामाजींनी मान हलवली नाही, पण घास उचलला.

सोमवारी मी निघाले. ते दारात होते. "कवा येशीन?" म्हणाले. मी म्हटलं, दिवेलागणीला. बस वर्ध्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी मागे वळून बघत होते, तिथून घर दिसत नाही तरी.

काम चांगलं आहे. डोळे विसरले नाहीत. शेजारच्या टेबलवरच्या मुलीला मी पेशी ओळखायला शिकवते. कधी कधी तास-दोन तास मी फक्त माझी असते. पण दुपारी धनंजय जेवून दुकानात परतले की माझा फोन वाजतो. परवा वाजला, काल वाजला, आजही वाजेल. मामाजी काही विचारत नाहीत, काम सांगत नाहीत. म्हणतात, "हायेस नं?" मी म्हणते, "हाओ मामाजी, आहे." ते फोन ठेवतात. पहिल्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले. सुटले म्हणून की सुटले नाही म्हणून, सांगता येत नाही. आता रडत नाही. भिंगावरून डोळा काढते, उत्तर देते, पुन्हा डोळा लावते.

तुझं आतापासूनच विचारणं आलं आहे की संच वर्ष संपल्यावर परत पाठवायचा की मुदत वाढवायची. ते मामाजी ठरवतील. माझ्यापुरतं म्हणशील तर तो आला काय आणि न आला काय.

फोन वाजतो आहे. थांबते.

तुझी,
मंजू